सिकलसेल : तपासणीनंतरची कसोटी

राष्ट्रीय सिकलसेल अ‍ॅनिमिया निर्मूलन अभियानाचा प्रारंभ १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे झाला. प्रामुख्याने आदिवासीबहुल भागांतील ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी व्यक्तींची तपासणी करणे आणि २०४७ पर्यंत या आजाराचे निर्मूलन करणे, ही त्याची उद्दिष्टे आहेत. जुलै २०२५ पर्यंत ६ कोटींहून अधिक जणांची तपासणी झाली. आता कसोटी आहे ती तपासणीनंतरच्या टप्प्याची.

हा आजार जंतूंमुळे होत नाही. तो आईवडिलांकडून येतो. हिमोग्लोबिनशी संबंधित जनुकातील एका सूक्ष्म बदलामुळे ऑक्सिजन कमी पडताच तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. त्या रक्तवाहिन्यांत अडकून तीव्र वेदना होतात आणि पेशी लवकर नष्ट होत असल्याने रक्तक्षय जडतो. सदोष जनुक केवळ एका पालकाकडून आले, तर ती व्यक्ती वाहक ठरते. ती सहसा निरोगी आयुष्य जगते. दोन्ही पालक वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, तर ते वाहक असण्याची शक्यता ५० टक्के असते.

एवढे घातक जनुक टिकून राहिले, याचे कारण हिवतापात आहे. वाहकांना गंभीर हिवतापापासून बऱ्याच अंशी संरक्षण मिळते. म्हणूनच गडचिरोली, नंदुरबारपासून छत्तीसगड, ओडिशा आणि नीलगिरीपर्यंतच्या हिवतापप्रवण प्रदेशांत ते पिढ्यान्‌पिढ्या टिकले. हा कोणत्याही समाजाचा दोष नव्हे, तर निसर्गाशी झालेल्या दीर्घ झुंजीची ती खूण आहे.

जनुक म्हणजे अटळ प्राक्तनही नव्हे. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन जन्मानंतरही टिकवून ठेवणारे अन्य जनुकीय बदल सोबत असतील, तर आजाराची तीव्रता कमी होते. हायड्रॉक्सियुरिया हे औषधही याच हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढवते. मात्र ते नियमित घ्यावे लागते आणि त्यासोबत वेळोवेळी रक्ततपासणी आवश्यक असते.

तपासणी झालेल्यांना कार्ड दिले जाते आणि विवाहापूर्वी पत्रिकेप्रमाणे तेही जुळवावे, असा सल्ला दिला जातो. हेतू योग्य असला, तरी यात एक धोका आहे. वाहक असणे हाच आजार, असा समज रुजला तर निरोगी तरुणांचे, विशेषतः मुलींचे, विवाह अडतील. मग अनेक जण निदान लपवतील किंवा तपासणीच टाळतील. वाहकाचा विवाह वाहक नसलेल्या व्यक्तीशी झाल्यास अपत्यांना हा आजार होत नाही, ही साधी गोष्ट कार्डासोबत घरोघरी पोहोचायला हवी.

निर्मूलन आजाराचे करायचे आहे, वाहकांचे नव्हे. त्यासाठी गोपनीय समुपदेशन, गरोदरपणातील वेळेवर तपासणी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात अखंड औषधपुरवठा या तीन गोष्टींची हमी हवी. अभियानाचे यश वाटलेल्या कार्डांच्या संख्येवर नव्हे, तर वेदनेच्या वेळी रुग्णाला गावाजवळ मिळणाऱ्या उपचारांवर मोजावे लागेल.