इशारा यंत्राचा, ठपका कामगाराला?

नुंगंबाक्कम येथे १७९२ साली मद्रासची वेधशाळा उभी राहिली. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ लागू होईपर्यंत देशातील रेल्वे मद्रास वेळेवर धावत होती आणि ती वेळ येथूनच तारेने ठिकठिकाणी कळवली जाई. संदेश छोटा, नेमका आणि कामाचा होता.

आज त्याच चेन्नईतील सॉफ्टवेअर कंपन्यांत प्रोग्रॅमची जुळणी फसली की यंत्र आपोआप गटाच्या चॅटवर कळवते. आपल्या कचेऱ्यांतही व्हॉट्सअ‍ॅप गटांवर रात्रंदिवस बिघाडाच्या सूचना आणि टार्गेटचे आकडे येऊन आदळतात. शंभर संदेशांत कामाचा असलेला एकच नेमका नजरेतून सुटतो. मग ‘गटावर टाकले होते’ एवढे म्हणून साहेब मोकळे होतात आणि चार्जशीट कामगाराच्या हाती पडते.

आमचा विरोध यंत्राला नाही. सारे सुरळीत असेल तर यंत्राने गप्प राहावे. बिघाड झाल्यास ड्युटीवरील संबंधित माणसालाच कळवावे. विश्रांतीच्या तासांत आलेला संदेश हुकूम मानला जाऊ नये. हुकूम लेखी द्यावा, पोच म्हणून सही घ्यावी. प्रत्येक शाखेने ही मागणी प्रशासनापुढे ठामपणे मांडावी.