थांब म्हणणं वेगळं, मारून टाकणं वेगळं



मराठीच्या बाई आणि संगणकातल्या 'थ्रेड'वर लेख! नवल वाटलं ना? पण विषय शेवटी वागणुकीचा आहे, आणि वागणुकीवर बोलायला शिक्षकाला कुणाची परवानगी लागत नाही. तांत्रिक भाग मी पुण्याला सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या माझ्या भाच्याकडून समजून घेतला. "आत्या, पुन्हा सांगू का?" असं त्याला बऱ्याचदा म्हणावं लागलं, ते सोडा.

आपल्या घरच्या संगणकावर एखादा प्रोग्रॅम उघडला की त्यात एक मुख्य थ्रेड चालू होतो. थ्रेड म्हणजे धागा. एकामागून एक सूचना पाळत जाणारा. पडद्यावरची चौकट रंगवणं, माऊसची टिचकी ऐकणं ही या मुख्य थ्रेडची कामं. त्यालाच दहा हजार नावांची यादी तपासायला बसवलं, तर तो टिचकी ऐकणार कधी? विंडोजमध्ये साधारण पाच सेकंद उत्तर मिळालं नाही की वर 'नॉट रिस्पॉन्डिंग'ची पाटी लागते. म्हणून जड काम दुसऱ्या थ्रेडकडे सोपवतात. तो मागे राबतो आणि मुख्य थ्रेड तुमचं ऐकायला मोकळा राहतो. सुरू करणं असं सोपं आहे. खरी परीक्षा थांबवण्यात.

प्रोग्रॅमर मंडळी सहज म्हणतात, "थ्रेड मारून टाक." मला हा शब्दही खटकतो आणि ती कृतीही. माझं मत असं, की थ्रेडला बाहेरून मारू नये. त्याला 'थांब' म्हणावं, आणि ते ऐकून नीट थांबण्याची सोय त्याच्यात पहिल्या दिवसापासून लिहून ठेवावी.

का, ते आम्हा गोंदियाकरांना रुळांवरून लवकर कळेल. इथून बालाघाट, नैनपूरमार्गे जबलपूरला जाणारी अडीच फुटी रुळांवरची छोटी गाडी माझ्या पिढीला चांगलीच आठवते. एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून रेल्वेत टोकनची पद्धत असे. दोन स्टेशनांमधल्या तुकड्यासाठी एका वेळी एकच टोकन बाहेर निघे. ते ड्रायव्हरच्या हाती असेल तरच गाडीने पुढे जायचं आणि पुढच्या स्टेशनात पोचल्यावर ते परत करायचं. प्रोग्रॅममध्ये यालाच 'लॉक' म्हणतात. दोन थ्रेडनी एकच हिशेब एकाच वेळी बदलू नये, म्हणून ज्याच्याकडे लॉक त्यानेच हात लावायचा. डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात याच कामासाठी जी युक्ती मांडली, तिला नावच 'सेमाफोर' दिलं, म्हणजे रेल्वेचा हात दाखवणारा सिग्नल!

आता समजा, दोन स्टेशनांच्या मधोमध ड्रायव्हरच नाहीसा केला. टोकन त्याच्या खिशातच राहिलं. मग त्या मार्गावर दुसरी गाडी कधीच सुटणार नाही; सगळे वाट पाहत बसतील. विंडोजमधल्या 'टर्मिनेट थ्रेड' या सूचनेने नेमकं हेच होऊ शकतं. दुसरा प्रकार याहून वाईट. ड्रायव्हर नाहीसा झाला, टोकन आपोआप स्टेशनात परत आलं, पण डबे रुळावर तसेच उभे. स्टेशनमास्तर निर्धास्तपणे पुढची गाडी सोडणार. जावा भाषेतल्या 'स्टॉप'चा दोष हाच होता. लॉक सुटत असे, पण माहिती अर्धवट बदललेली राहत असे. म्हणून १९९८ सालीच ती सूचना वापरू नका असं जाहीर झालं, आणि २०२३ च्या जावा २० पासून ती काम करायलाच नकार देऊ लागली. डॉट नेटमध्ये २०१० साली विनंतीने थांबवण्याची नवी सोय आली. तिच्या नावातही 'टोकन' आहे, पाहा.

यात आपल्यासारख्यांचं काय जातं? समजा, धान खरेदी केंद्रावरचा संगणक शेतकऱ्याच्या कट्ट्यांचं वजन नोंदवतोय आणि मग देय रक्कम लिहिणार आहे. या दोन्हींच्या मधे थ्रेड मारला, तर वजन नोंदलं गेलं आणि रक्कम नाही. गोदामात धान जमा, कागदावर पैसे शून्य! पुढचे हेलपाटे प्रोग्रॅमर घालत नाही, शेतकरी घालतो. म्हणून थ्रेडने 'थांबायचं का?' हे विचारावं ते एक शेतकरी पूर्ण झाल्यावर, दुसरा सुरू करण्याआधी. आणि दोन्ही नोंदी एकत्रच पक्क्या व्हाव्यात, नाहीतर एकही नाही. म्हणजे वीज गेली तरी अर्धवट काही उरणार नाही.

परीक्षेत आम्ही दुसरं काय करत होतो? शेवटची दहा मिनिटं उरली की इशाऱ्याची घंटा. मुलं हातातलं वाक्य पुरं करत, पुरवणीला दोरा बांधत, मग पेपर देत. अर्ध्या शब्दावर पेपर हिसकावला तर पुरवणीही सुटी आणि क्रमांकही राहिलेला.

भाच्याचा आक्षेप मात्र रास्त होता. तो म्हणाला, "आत्या, थ्रेड ऐकण्याच्या अवस्थेतच नसला तर? नेटवर्कच्या उत्तराची वाट पाहत अडकला असेल तर?" खरं आहे. त्यावर उत्तर असं, की वाट पाहण्याला आधीच मुदत घालावी. आणि ज्या कामाचा भरवसाच नाही ते थ्रेडमध्ये नव्हे, वेगळ्या प्रोसेसमध्ये, म्हणजे स्वतंत्र घरात ठेवावं. ते घर बंद करावं लागलं तरी शेजारच्यांची भांडी फुटत नाहीत. गूगलचं क्रोम २००८ साली आलं तेव्हा त्याने टॅबसाठी हीच वाट धरली. तिथेही फाईल मात्र आधी नव्या नावाने पूर्ण लिहावी आणि मगच जुनीच्या जागी ठेवावी.

आणखी एक. 'रद्द करा' हे बटण खरं बोलणारं हवं. दाबल्यावर आधी 'थांबत आहे' म्हणावं, खरंच थांबल्यावर 'थांबलं' म्हणावं, आणि किती नोंदी झाल्या तेही सांगावं. चौकट मिटली पण काम मागे गुपचूप चालूच, हे मला फसवणुकीसारखं वाटतं.

असो. लेख लांबला. घरात कुणी प्रोग्रॅम लिहिणारं मूल असेल तर त्याला एवढंच विचारा: तुझा प्रोग्रॅम मधेच थांबवला तर समोरच्या माणसाच्या हाती काय उरतं? उत्तर द्यायला ते अडखळलं, तर जेवणाआधी नका सोडू त्याला.