मोठ्या आकड्याला भिऊ नये

मोठा आकडा फळ्यावर आला की आपल्या वर्गातली निम्मी मुले डोके खाजवतात आणि निम्मी शेजारच्याच्या वहीत बघतात. मला हे पटत नाही. आकडा कितीही मोठा असला तरी तो आपल्याला तपासता येतो, असे माझे मत आहे.

१४२८५७ ही संख्या घ्या. वाचताना एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न. आता तिला गुणून बघा.

२ ने गुणले तर २८५७१४
३ ने गुणले तर ४२८५७१
४ ने गुणले तर ५७१४२८
५ ने गुणले तर ७१४२८५
६ ने गुणले तर ८५७१४२

अंक तेच, क्रमही तोच, फक्त सुरुवात वेगळी. आणि ७ ने गुणले तर ९९९९९९! सगळे नऊच.

ही काही जादू नाही. दहा लाखाला ७ ने भागा. भागाकार १४२८५७ येतो. भागताना बाकी ३, २, ६, ४, ५, १ अशी उरत जाते. १ उरली की पुन्हा पहिल्यापासून तेच चक्र. वीस लाखाला भागले तर त्याच चक्रात मधूनच चढायचे. जत्रेतल्या पाळण्यात कुठेही बसा, फेरी तीच ना? तसेच.

नाशिकजवळ देवळालीला दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) नावाचे शाळामास्तर होते. त्यांनी शोधलेल्या एका जातीच्या संख्यांना जगभर कापरेकर संख्या म्हणतात. आपली १४२८५७ त्यातलीच आहे. तिला तिनेच गुणले की २०४०८१२२४४९ येतात. त्याचे २०४०८ आणि १२२४४९ असे दोन तुकडे करून बेरीज करा. पुन्हा १४२८५७! मी सांगतो म्हणून खरे मानू नका, वहीवर करून बघा.

हीच सवय घरीही लागते. कांद्याची पट्टी आली की मोठी माणसे खालचा आकडा बघून नुसती मान डोलावतात. मागच्या मोसमात आमच्या पट्टीवर २३ क्विंटल, भाव १४५० आणि रक्कम ३२,३५० लिहिली होती. मी गुणाकार केला तर ३३,३५० आले. बाबा पट्टी घेऊन परत गेले आणि हजार रुपये घेऊन आले. हजार रुपयांत आमच्या घरी पुष्कळ दिवसांचा किराणा येतो.

म्हणून आईवडिलांना माझी विनंती आहे, की पट्टी आली की ती आधी मुलांपुढे ठेवा. मुलगी असली तरी तिच्यापुढेही ठेवा. "तू लहान, तुला काय कळतंय" असे म्हणू नका. आणि मित्रमैत्रिणींनो, तुम्ही पण आकडा मोठा म्हणून भिऊ नका, आणि छापलेला म्हणून खरा धरू नका. आधी पेन्सिल हातात घ्या.