दोन्ही घरचे पाहुणे

दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, अशी म्हण मराठीत आहे. मॅकिन्झी या अमेरिकन सल्लागार पेढीचा गेल्या काही वर्षांत उजेडात आलेला व्यवहार पाहता भांडवली जगाने ही म्हणच उलटी केली आहे, असे म्हणावे लागते. येथे पाहुणा दोन्ही घरी जेवतो, दोन्ही घरची दक्षिणा घेतो. आणि एका घरात आपला वावर आहे ही गोष्टच दुसऱ्या घरी त्याचे मोल वाढविते.

१९२६ साली शिकागोमध्ये जेम्स मॅकिन्झी या लेखाशास्त्राच्या प्राध्यापकाने स्थापन केलेली ही पेढी. ती पोलाद गाळत नाही, कापड विणत नाही, वीज निर्माण करीत नाही. तिच्या अशिलांत मात्र बँका आहेत, तेलकंपन्या आहेत, औषधनिर्माते आहेत, रेल्वे व वीजमंडळे आहेत आणि खुद्द सरकारेही आहेत. ‘निरनिराळ्या उद्योगांतील व्यापक अनुभव’ असे या यादीचे भारदस्त वर्णन केले जाते. या अनुभवाचा उगम कोठे असतो, हे ज्या कारखान्यात किंवा बँकेत अशी मंडळी येऊन गेली तेथील कामगारांना चांगले ठाऊक आहे. तरुण पदवीधर वह्या घेऊन येतात, वीस-पंचवीस वर्षे यंत्रावर काढलेल्या माणसाला प्रश्न विचारतात, त्याने सांगितलेले तक्त्यांत मांडतात. आणि काही महिन्यांनी तेच ज्ञान व्यवस्थापनाच्या टेबलावर ‘अतिरिक्त मनुष्यबळा’चा अहवाल म्हणून अवतरते. पुढील अशिलाकडे जाताना ते पुन्हा ‘अनुभव’ या नावाने विकले जाते.

परंतु अशिलांच्या या विविधतेचे खरे स्वरूप स्पष्ट झाले ते अमेरिकेतील अफूवर्गीय औषधांच्या प्रकरणात. १९९९ ते २०२१ या काळात त्या देशात अशा औषधांच्या व अमली द्रव्यांच्या अतिमात्रेने सहा लाखांहून अधिक माणसे दगावली. या अनर्थाच्या आरंभाशी ज्या औषधांचे नाव जोडलेले आहे, त्यांत पर्ड्यू फार्मा या कंपनीचे ‘ऑक्सिकॉन्टिन’ हे वेदनाशामक प्रमुख होय. आपल्या औषधाच्या धोक्यांविषयी दिशाभूल केल्याचा गुन्हा पर्ड्यूच्या संलग्न कंपनीने २००७ सालीच न्यायालयात कबूल केला होता. तरीही मॅकिन्झीचे काम थांबले नाही. २०१३ साली पेढीने विक्री झपाट्याने वाढविण्याची योजना पर्ड्यूला आखून दिली. सर्वाधिक गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांवर विक्रेत्यांनी लक्ष केंद्रित करावे, हे तिचे सूत्र होते. २०१७ साली तर आणखी एक प्रस्ताव मांडला गेला. ज्या वितरकांच्या ग्राहकांना अतिमात्रेची बाधा होईल, त्या वितरकांना प्रत्येक घटनेमागे सूट द्यावी! त्यासाठी एका घटनेची किंमत १४,८१० डॉलर अशी अंदाजली होती. माणसाच्या मरणाचा हिशेब इतक्या नेटकेपणाने मांडणाऱ्यांना लेखाशास्त्राचा वारसा विसरल्याचा दोष निदान कोणी देऊ शकणार नाही.

याच काळात मॅकिन्झीचा दुसरा अशील होता अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन. म्हणजे ज्या शासकीय यंत्रणेने पर्ड्यूसारख्या कंपन्यांवर अंकुश ठेवावयाचा, तीच. प्रतिनिधिगृहाच्या समितीने एप्रिल २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार पेढीचे किमान २२ सल्लागार औषध प्रशासन आणि अफूवर्गीय औषधांचे उत्पादक अशा दोहोंसाठी राबले होते, काही तर एकाच वेळी. प्रशासनाशी असलेल्या या संबंधांचा उपयोग खाजगी कंपन्यांकडून काम मिळविताना केला गेल्याचेही समितीने दाखवून दिले. आपले सरकारी काम केवळ प्रशासकीय स्वरूपाचे होते, कोणत्याही औषधाच्या मान्यतेशी त्याचा संबंध नव्हता, असा पेढीचा बचाव आहे. क्षणभर तो खरा मानला तरी प्रश्न उरतोच: पहारेकऱ्याची दिनचर्या ठाऊक असणारा मनुष्य घरफोड्याच्या पदरी असेल, तर त्याने कुलपाला हात लावला नाही एवढ्याने घरमालकाने निश्चिंत व्हावे काय?

२०२१ साली मॅकिन्झीने अमेरिकेतील राज्यांना ५७ कोटी ३० लाख डॉलर देऊन, दोष मान्य न करता, तडजोड केली. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय सरकारशी आणखी ६५ कोटी डॉलरचा समझोता झाला आणि खटला पुढे ढकलला गेला. पेढीच्या एका माजी ज्येष्ठ भागीदाराने कागदपत्रे नष्ट करून तपासात अडथळा आणल्याचा गुन्हा २०२५ साली कबूल केला.

औषधाकडून विजेकडे वळले तरी चित्र फारसे पालटत नाही. दक्षिण आफ्रिकेत एस्कॉम हे सरकारी वीजमंडळ आणि ट्रान्सनेट ही सरकारी मालवाहतूक संस्था या दोन्ही मॅकिन्झीच्या अशील होत्या. एस्कॉमकडून घेतलेल्या शुल्कापैकी एक अब्ज रँडच्या आसपास रक्कम २०१८ साली परत करण्याची पाळी पेढीवर आली. आणि या दोन संस्थांतील अधिकाऱ्यांना २०१२ ते २०१६ दरम्यान दिलेल्या लाचेच्या प्रकरणी डिसेंबर २०२४ मध्ये तिने १२ कोटी २० लाख डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचे मान्य केले. ज्या वीजमंडळाला कार्यक्षमतेचे धडे देण्यासाठी ही मंडळी आली होती, त्या मंडळाचा देश तेव्हाही अंधारात चाचपडत होता आणि नंतरही.

भारताला ही पेढी अपरिचित नाही. कोलकात्यात जन्मलेले रजत गुप्ता १९९४ ते २००३ तिचे जागतिक प्रमुख होते. पुढे गोल्डमन सॅक्सच्या संचालक मंडळातील गुपिते बाहेर पुरविल्याबद्दल २०१२ साली ते दोषी ठरले. दाभोळमुळे महाराष्ट्राच्या कायम स्मरणात राहिलेल्या एन्रॉनचे प्रमुख जेफ्री स्किलिंग हेही मूळचे मॅकिन्झीचेच. सप्टेंबर २००३ मध्ये ‘बॉम्बे फर्स्ट’ या उद्योगपतींच्या संस्थेसाठी पेढीने मुंबईला ‘जागतिक दर्जाचे’ शहर बनविण्याचा आराखडा सादर केला, आणि राज्य सरकारने तो उचलून धरला. त्यानंतर २००४–०५ च्या हिवाळ्यात मुंबईत हजारो झोपड्यांवर बुलडोझर फिरले. त्या कारवाईचा आदेश सरकारचा होता, पेढीचा नव्हे. मात्र ज्यांच्या डोक्यावरचे छप्पर गेले, त्यांना त्या आराखड्याच्या चर्चेत कोणीही बोलाविले नव्हते. अशिलांच्या यादीत त्यांचा समावेश कधीच नव्हता.

आज दिल्लीतील मंत्रालये, राज्य सरकारे, सार्वजनिक बँका आणि वीज कंपन्या यांच्या दालनांत मॅकिन्झी व तिच्या जोडीच्या बड्या सल्लागार पेढ्यांचे प्रतिनिधी बसतात. शासनाची स्वतःची अभियंत्यांची, अर्थतज्ज्ञांची व संख्याशास्त्रज्ञांची पदे रिकामी ठेवावयाची आणि त्यांचेच काम कित्येक पट शुल्क मोजून बाहेरून विकत घ्यावयाचे, असा हा उफराटा व्यवहार आहे. सल्लासेवांच्या खरेदीसाठी केंद्र सरकारची नियमावली आहे, हितसंबंधांच्या संघर्षाचे कलमही तीत आहे. परंतु असा संघर्ष असल्यास तो जाहीर करावयाचा कोणी, तर सल्लागारानेच. अमेरिकेच्या काँग्रेसला वरील प्रकरणानंतर, डिसेंबर २०२२ मध्ये, सरकारी कंत्राटदारांच्या हितसंबंधांबाबत नवा कायदा करावा लागला.

वीज वितरणाचे खाजगीकरण असो वा बँकांचे विलीनीकरण, ‘तज्ज्ञांच्या अहवाला’चा हवाला देऊन कामगार संघटनांना गप्प करण्याची प्रथा आता रूढ झाली आहे. अशा प्रत्येक वाटाघाटीत संघटनांनी पहिली मागणी अहवालाच्या प्रतीची करावी आणि तिच्यासोबत दुसरी: गेल्या पाच वर्षांत त्या पेढीने याच क्षेत्रातील कोणकोणत्या खाजगी कंपन्यांचे काम केले, त्याची संपूर्ण यादी टेबलावर ठेवावी.