सुईत काय होते?

गेल्या श्रावणात आईला ताप भरला. पुंडलिकनगरात आमच्या गल्लीच्या तोंडाशीच एक दवाखाना आहे. नाव सांगत नाही, कारण तसे दवाखाने गल्लोगल्ली आहेत. डॉक्टरांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, "मावशी, व्हायरल आहे, सुई देतो" म्हणाले. कंपौंडरने कागदाच्या सहा पुड्या बांधून दिल्या. प्रत्येकीत एक पांढरी, एक पिवळी आणि एक अर्धी गुलाबी गोळी. पाच मिनिटांत आम्ही घरी.

तासाभरात आईच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास लागला. रिक्षाने घाटी रुग्णालय गाठले. तेथील तरुण डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "सुईत काय होतं?" मी पुड्या पुढे केल्या. त्यांनी त्या उलगडून पाहिल्या आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. माझ्याजवळ चिठ्ठी नव्हती, औषधाचे नाव नव्हते, काहीच नव्हते. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली मी, आईच्या शरीरात काय गेले हे सांगू शकत नव्हते!

आई बरी झाली. प्रश्न मात्र तसाच राहिला, आणि तो केवळ एका डॉक्टरांना विचारून भागणारा नाही.

कारण आपण डॉक्टर निवडतो कसा? "त्यांच्या हाताला गुण आहे," एवढ्यावर. यात लोकांचा मूर्खपणा आहे असे मी मुळीच म्हणत नाही. चिकलठाण्याहून किंवा वाळूजहून दुसरी पाळी करून येणाऱ्या कामगाराला रात्री उशिरा उघडा सापडतो तो गल्लीतलाच दवाखाना. घाटीत केस पेपरच्या रांगेत उभे राहायचे तर दिवसाचा रोज बुडतो. शिवाय गल्लीतले डॉक्टर महिनाअखेरीस उधारीवरही औषध देतात. अशा माणसाला भिंतीवरचे प्रमाणपत्र दाखवा म्हणणे आपल्याला उद्धटपणाचे वाटते.

परंतु न विचारल्याची किंमत किती मोठी असू शकते, हे मुंबईच्या एका खटल्यात दिसते. जुलै १९९२ मध्ये एका तरुण गृहस्थांना ताप आला. होमिओपॅथीची पदविका असलेल्या डॉक्टरांनी त्यांना आधी व्हायरल ताप म्हणून आणि नंतर टायफॉइड म्हणून ॲलोपॅथीची औषधे दिली. प्रकृती ढासळतच गेली आणि १४ जुलैला ते वारले. त्यांच्या पत्नी पूनम वर्मा सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढल्या. १९९६ साली निकाल लागला : ज्या शास्त्राचे शिक्षण घेतले नाही त्या शास्त्राची औषधे देणे हाच मुळी निष्काळजीपणा होय. भरपाई मिळाली ३ लाख रुपये. पुढे २०१४ साली महाराष्ट्राने कायदा बदलला आणि औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या होमिओपॅथांना मर्यादित ॲलोपॅथी औषधे देण्याची वाट मोकळी केली. ते योग्य की अयोग्य, हा वाद जाणकारांनी करावा. मला एवढेच कळते की, पाटीवरच्या नावापुढची अक्षरे वाचणे त्यामुळे अधिकच गरजेचे झाले आहे.

सरकारचे लक्ष नाही काय? आहे, पण खाटेपुरते. शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा आपला कायदा १९४९ चा. २०२१ मध्ये त्याचे नियम सुधारले, दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद लावणे सक्तीचे झाले. मात्र हा कायदा रुग्णाला ठेवून घेणाऱ्या संस्थांसाठी आहे. जेथे खाट नाही, नुसते टेबल, स्टूल आणि पडद्याआड एक बाकडे आहे, असा दवाखाना त्यातून सुटतो. असे दवाखानेही नोंदणीत आणणारा केंद्राचा २०१० चा कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. म्हणजे सर्वांत जास्त माणसे जेथे जातात, तेथेच तपासणीस जात नाही!

आणि सुई? २००९ साली शेजारच्या गुजरातेत मोडासा येथे वापरलेल्या सुया आणि सिरिंजा पुन्हा वापरल्या गेल्या. हिपॅटायटिस बी पसरून अनेकांचा बळी गेला. आमच्या गल्लीतले डॉक्टर नवी सुई समोर फोडतात, हे कबूल केले पाहिजे. पण ती टोचून घ्यायला आतुर कोण असते? आपणच. "नुसत्या गोळ्या दिल्या, सुईसुद्धा दिली नाही," अशी तक्रार करीत दुसरा दवाखाना शोधणाऱ्या बायका मी ओट्यावर रोज ऐकते. माझी आई त्यांतलीच. डॉक्टरांनाही दुकान चालवायचे असते.

आई घरी आल्यावर मी त्या डॉक्टरांकडे गेले. भांडायचे ठरवूनच गेले होते. ते म्हणाले, "बेटा, दिवसाला साठ पेशंट. प्रत्येकाला लिहीत बसलो तर रात्र होईल." मग थोडा वेळ गप्प राहिले आणि एका चिठ्ठीवर औषधाचे नाव लिहून दिले : डायक्लोफिनॅक. अंगदुखीचे साधे औषध. बहुतेकांना सोसते, आईला सोसले नाही. नाव लिहायला त्यांना अर्धे मिनिटही लागले नाही.

तेवढेच मागायचे आहे. ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनी आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात आणि चिठ्ठीवर दिला पाहिजे, हा २००२ पासूनचा नियम आहे; औषधाचे मूळ नाव वाचता येईल असे लिहावे, ही भर २०१६ ची. हे मागणे म्हणजे डॉक्टरांचा अपमान नव्हे.

आपल्या महाविद्यालयाची राष्ट्रीय सेवा योजनेची तुकडी दर वर्षी खेड्यात जाऊन रस्ते झाडते. या वर्षी निदान चार दिवस तिने पुंडलिकनगरात काढावेत. प्रत्येक घरी एक वही द्यावी. कोणत्या तारखेला, कोणते औषध, कोणती सुई, काय सोसत नाही, एवढेच रकाने. दवाखान्यात ती वही टेबलावर ठेवायची आणि म्हणायचे, "डॉक्टरसाहेब, एवढं लिहून द्या." आमच्या घरच्या वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने एक नाव आधीच लिहिले आहे. प्राध्यापक मंडळींनी मनावर घेतले तर बाकीच्या वह्यांना रेघा मारायला मी तयार आहे.