पुलावरची पेठ, पुलाखालची वस्ती

स्कॉटलंडची राजधानी एडिंबरो ही किल्ल्याच्या कातळापासून पूर्वेकडे उतरत गेलेल्या एका चिंचोळ्या डोंगरसोंडेवर वसलेली. उत्तरेस तळ्याचा सखल भाग आणि दक्षिणेस काउगेटची खोल घळ, त्यामुळे वस्ती वाढली तशी मजल्यावर मजले चढत गेले, आणि विस्तारासाठी दऱ्या ओलांडण्यावाचून गत्यंतर उरले नाही. उत्तरेचा पूल १७६९ साली ढासळून पाच माणसे दगावली. तो सावरून १७७२ साली खुला झाला.

दक्षिणेच्या पुलाची कथा मात्र अधिक विचारार्ह आहे. १७८५ साली पायाभरणी होऊन तीन वर्षांत रहदारी सुरू झालेल्या या पुलाला एकोणीस कमानी असून, डोळ्यांस दिसते ती काउगेटवरची एकच. कारण उरलेल्यांच्या दोन्ही अंगांस उंच इमारती उभ्या करून पुलाचीच बाजारपेठ बनविण्यात आली. रॉबर्ट ॲडम या थोर वास्तुशिल्पज्ञाचा भव्य आराखडा खर्चापायी बाजूस पडला, आणि पुलालगतचे भूखंड विकून बांधकामाची रक्कम उभारण्याची तजवीज झाली. रस्त्यामुळे ज्या जमिनीचे मोल वाढते तिनेच रस्त्याचा भार उचलावा, हे तत्त्व मला सर्वथा न्याय्य वाटते, आणि त्या जागांना आलेला भाव पाहता ते व्यवहार्यही ठरले.

तथापि या पेठेसाठी मार्लिन्स वाइंडसारख्या जुन्या बोळी जमीनदोस्त झाल्या, आणि कमानींच्या पोटातल्या तळघरांत प्रथम कारागीर व दुकानदारांचा माल असला, तरी वरून पाणी झिरपू नये याचा पुरेसा बंदोबस्त न झाल्याने ते हळूहळू निघून गेले, व त्या अंधाऱ्या, ओलसर खोल्यांत, जिथे सूर्यप्रकाश कधी पोहोचत नव्हता, शहरातले अत्यंत दरिद्री लोक संसार थाटून राहिले. वरून विद्यापीठाकडे जाणाऱ्या वाटसरूला आपण पुलावरून चाललो आहोत याचे भानही राहत नसे, मग खालच्या माणसांची आठवण कोठून होणार!

पूल यशस्वी झाला, यात मला संदेह नाही. परंतु भूखंडांच्या विक्रीतून आलेल्या द्रव्याचा काही हिस्सा काउगेटची हवा, पाणी आणि घरे सुधारण्याकडे वळविणे हे त्याच्या विश्वस्तांचे कर्तव्यच होते, आणि त्या कर्तव्यास ते चुकले, असा माझा स्पष्ट अभिप्राय आहे.

— नगरवासी