निजामसागरात गेलेले शिवार

सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत सोलापूर, धाराशिव, बीडमधली उभी पिके तर गेलीच. नदीनाल्यांच्या काठावर कित्येक ठिकाणी शेतच उरले नाही. वरची माती वाहून गेली आणि खालचा मुरूम उघडा पडला. सरकारी कागदात याला ‘खरडून गेलेली जमीन’ म्हणतात. मदतीच्या पॅकेजमध्ये तिच्यासाठी हेक्टरी 47 हजार रुपये रोख आणि शिवाय रोजगार हमीतून वेगळी मदत जाहीर झाली. पंचनामे झाले, याद्या लागल्या, यादीत नाव नाही म्हणून तहसीलवर मोर्चेही गेले. पण गेलेली माती कुठे जाऊन बसली, याचा पंचनामा कोणी केला नाही.

तो करायचा तर तेलंगणात जावे लागेल. मांजरा नदी बीड जिल्ह्यातल्या बालाघाटच्या डोंगरात उगम पावते, धाराशिव-लातूरच्या शिवारांतून वाट काढत बिदर ओलांडते आणि पुढे तेलंगणात शिरते. 1923 ते 1931 या काळात हैदराबाद संस्थानाने या नदीवर निजामसागर बांधला. अभियंते होते नवाब अली नवाज जंग. धरणाची मूळ क्षमता सुमारे 29.7 टीएमसी. साधारण चाळीस वर्षांनी, 1970 च्या दशकात मोजणी झाली, तेव्हा त्यातले 12 टीएमसीही शिल्लक नव्हते. आखणी करताना गाळाचा जो वेग धरला होता, त्याच्या कित्येक पटींनी गाळ आला होता. मग पाण्याची पातळी वाढवून क्षमता कशीबशी 17.8 टीएमसीपर्यंत आणली. त्या खोऱ्यातल्या शेतांचा किती मोठा वाटा त्या तळाशी गेला असेल, हे सांगायला तज्ज्ञाची गरज नाही. आणि याच मांजरेच्या वरच्या अंगाला, 2016 च्या एप्रिलमध्ये, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. माती खाली गेली आणि तिच्यात मुरायचे ते पाणीही तिच्यामागे गेले.

निजामसागर एकटा नाही. गोदावरीवरच्या श्रीरामसागराची क्षमता 112 टीएमसी होती. 1994 च्या पाहणीत ती 90 वर आली. तुंगभद्रेचे धरण 133 टीएमसीचे म्हणून उभे राहिले, आता ते 105 च्या आसपास आहे. तिन्ही धरणांची पाणलोट क्षेत्रे बरीचशी कोरडवाहू दख्खनची आहेत.

जास्त पाऊस तिथे जास्त धूप, असा एक सोपा समज आहे. तसे असते तर कोकणात मातीचा कणही उरला नसता. लँगबाइन आणि शूम या अमेरिकी शास्त्रज्ञांनी 1958 मध्ये नद्यांमधल्या गाळाची पावसाशी तुलना करून दाखवले, की गाळ सर्वाधिक येतो तो निमशुष्क प्रदेशातून. वाळवंटात माती वाहून न्यायला पाणीच नसते आणि दमट प्रदेशात झाडझाडोरा मातीला धरून ठेवतो. मधल्या पट्ट्यात मात्र माती उघडी असते आणि पाऊस येतो तो थोडक्या दिवसांत, दणका देऊन. त्यांच्या आलेखाच्या तपशिलावर पुढे वाद झाले. पण माण, आष्टी, करमाळा, जत हे कोरडवाहू तालुके पाहिलेल्या कोणालाही त्यातले मर्म पटेल.

आपल्याकडे त्यात शेतीच्या वेळापत्रकाची भर पडते. मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या पट्ट्यात भारी काळी रानं पावसाळाभर मोकळी ठेवायची आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात रब्बी पेरायची, ही जुनी रीत. ओलीवर ज्वारी काढण्यासाठी ती शहाणपणाची होती. पण याच मोकळ्या रानावर परतीचा पाऊस कोसळतो. काळी माती एकदा भिजून फुगली, की पाणी आत घेत नाही. ते वरून वाहते आणि जाताना माती घेऊन जाते.

यावर उपाय नाही असे नाही, आणि तो परदेशातून आणायचाही नाही. हैदराबादजवळ पाटणचेरूच्या इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेत 1976 पासून काळ्या मातीची दोन पाणलोटे शेजारी-शेजारी राखून मोजमाप चालले आहे. एकात पावसाळ्यात पडीक ठेवून रब्बी पीक घेण्याची जुनी पद्धत, दुसऱ्यात रुंद वरंबा-सरी आणि खरिपापासून पीक. जुन्या पद्धतीत हेक्टरी वर्षाला 6.6 टन माती गेली, नव्या पद्धतीत 1.6 टन. धान्याचे उत्पादन चारपटींहून जास्त निघाले. विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनसाठी हेच तंत्र ‘बीबीएफ’ नावाने फिरते आहे, पण त्याची जाहिरात होते ती उत्पादन वाढते म्हणून. धरण वाचवण्याचा उपाय म्हणून जलसंपदा खात्याने त्याच्याकडे पाहिल्याचे दिसत नाही. शेत एका खात्याचे, धरण दुसऱ्याचे, आणि माती दोघांच्या मधल्या ओढ्यात.

जलसंपदा खात्याचा भरवसा आहे तो ‘मृतसाठ्या’वर. गाळ तळाशी बसेल, त्यासाठी खालची जागा सोडून ठेवली की वरचा उपयुक्त साठा शाबूत राहील, हे जुने गणित. प्रत्यक्षात नदी जलाशयात शिरताच तिचा वेग पडतो आणि जाड गाळ तिथेच, वरच्या टोकाला बसतो. म्हणजे उपयुक्त साठ्याची जागाही खाल्ली जाते. रोज वर्तमानपत्रात धरणांची टक्केवारी येते. ती टक्केवारी कोणत्या सालच्या क्षमतेवर काढली आहे, हे मात्र कधीच छापून येत नाही. उपग्रहाच्या चित्रांवरून गाळाचा अंदाज घेता येतो, पण उन्हाळ्यात पाणी जिथवर उतरते, त्याच्या वरचाच भाग त्यात कळतो. तळ पाहायचा तर नाव घालून खोली मोजावी लागते.

आता राज्याच्या आवडत्या योजनेकडे येऊ. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ 2017 मध्ये सुरू झाली आणि 2023 मध्ये तिला पुन्हा बळ मिळाले. लहान तलावांसाठी ती चांगली आहे, हे आधी मान्य करायला हवे. पाझर तलावातला पोयटा मुरमाड रानावर पसरला, की ते रान दोन-तीन वर्षांत ओळखू येत नाही. अल्पभूधारकाला वाहतुकीसाठी अनुदान देण्याचा निर्णयही योग्यच. गडबड पुढे आहे. पोकलेन तलावात उतरते, फोटो निघतात, आणि ज्या माळावरून ती माती आली तो माळ तसाच उघडा राहतो. पुढच्या मोठ्या पावसात तलाव पुन्हा भरायला लागतो.

मोठ्या धरणांच्या बाबतीत तर यंत्राने गाळ काढण्याची भाषाच पोकळ आहे. एक टीएमसी म्हणजे 2 कोटी 83 लाख घनमीटर. एका हायवा डंपरमध्ये दहा घनमीटर गाळ धरला, तर एक टीएमसी जागा मोकळी करायला 28 लाख खेपा लागतील. निजामसागरने गमावलेल्या 18 टीएमसीसाठी पाच कोटींवर. उजनी, जायकवाडीतला गाळ काढून विकण्याच्या घोषणा अधूनमधून होतात, तेव्हा एवढा गुणाकार कोणी तरी करायला हवा. वाळूवर डोळा ठेवून निघालेली घोषणा असेल, तर गोष्ट वेगळी.

खोदकामावरच्या प्रेमाची किंमत राज्याने आधीही मोजली आहे. जलयुक्त शिवार योजनेवर 9,634 कोटी रुपये खर्च होऊनही भूजल वाढवण्यात फारसे यश आले नाही, असे ‘कॅग’ने 2020 च्या अहवालात नोंदवले.

याउलट जालन्याजवळचे कडवंची. 1996 पासून इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या आणि विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाखाली तिथे माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम झाले: आधी डोंगरावर सलग समतल चर, मग शेतात बांधबंदिस्ती, सगळ्यात शेवटी ओढ्यात बंधारे. पुढे गाव द्राक्षांचे झाले, 2012 च्या दुष्काळातही बागा टिकल्या. तिथल्या शेततळ्यांच्या उपशावर टीका होते, आणि ती रास्तही आहे. पण माती जागेवर राहिली, हे कोणी नाकारत नाही. दगड-मातीच्या कामात फीत कापण्याजोगे काही नसते, म्हणून ते मागे पडते. शिवाय बांध ही एकदा घालून विसरायची गोष्ट नव्हे. 1942 च्या जमीन सुधारणा कायद्यापासून 1972 च्या दुष्काळी कामांपर्यंत घातलेले कितीतरी बांध वाटण्यांमध्ये आणि ट्रॅक्टरच्या फाळाखाली गेले. त्यांच्या दुरुस्तीला कधी कोणी पैसे ठेवले नाहीत.

तेव्हा सरकारने दोन गोष्टी कराव्यात. गाळ काढण्याच्या प्रत्येक मंजुरीला त्या तलावाच्या वरच्या क्षेत्रातल्या बांधबंदिस्तीची अट घालावी, आणि पैसा त्याच क्रमाने सोडावा: आधी बांधांना, मग गाळाला. प्रत्येक मोठ्या धरणाची ताजी क्षमता, मोजणीच्या सालासह, जाहीर करावी. आणि गावकऱ्यांनी येत्या उन्हाळ्यात तलावातल्या गाळाचा ठराव ग्रामसभेत आला, की हात वर करण्याआधी एवढेच विचारावे: वरच्या माळावर चर कधी खोदले होते आणि त्यांतले आज किती शाबूत आहेत?